गाडी गरम झाली की सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी ही तपासणी करा

सकाळी बटणाला बोट लावताच सुरू होणारी मोटरसायकल दुपारी पेट्रोल पंपावर बंद केली, पाच-दहा मिनिटांनी बटण दाबलं, तर नुसतं 'टक' करून गप्प. पाऊण तासाने तीच गाडी काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. मालक दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात जातो, तोवर गाडी गार झालेली असते. मेकॅनिक बटण दाबतो, गाडी पहिल्या फटक्यात लागते आणि शेवटी 'बॅटरी बदलून बघू' यावर गाडी अडते. नवी बॅटरी ताज्या दमाची असल्याने महिना-दोन महिने बरे जातात. मग पुन्हा तेच.

दोष गरम गाडीत दिसतो, तर मापंही गरम गाडीचीच घ्यायला हवीत. आणि सुटे भाग बदलायचे ते मापं घेऊन झाल्यावर. पुढचा सगळा क्रम या दोन गोष्टींवर उभा आहे. टप्पे वरखाली करू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं माप आधीचा टप्पा बरोबर असेल तरच खरं ठरतं.

हे सगळं १०० ते ३५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. कार्ब्युरेटरवाल्या आणि इंजेक्शनवाल्या दोन्ही. काही नव्या गाड्या 'खर्र' असा आवाज न करता सुरू होतात. त्यांच्यात वेगळी सेल्फ मोटर नसते, जनरेटरच मोटरचं काम करतो. त्यांना टप्पा ३ ते ७ जसेच्या तसे लागू नाहीत.

उष्णतेने नेमकं काय होतं

तांब्याचा विद्युत रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. मोटर ६० अंशांनी तापली तर तिच्या वाइंडिंगचा रोध २३ टक्क्यांच्या आसपास वर जातो. दुचाकीच्या सेल्फ मोटरमध्ये बहुधा फेराइटचे चुंबक असतात. तेही तापल्यावर दर अंशाला सुमारे ०.२ टक्के क्षीण होतात आणि गार झाल्यावर पूर्ववत होतात. म्हणजे गरम मोटरचा जोर चांगल्या गाडीतही कमीच असतो. बाकी सगळं ठीक असेल तर ही तूट जाणवत नाही. पण एखादं टर्मिनल गंजलेलं असेल, मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे घासते तुकडे) झिजलेले असतील किंवा बॅटरी अर्धमेली असेल, तर थंडीत जेमतेम भागणारं काम उन्हात भागत नाही. एप्रिल-मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ही तक्रार वाढते ती म्हणूनच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडी चालू असताना वारा इंजिन थंड ठेवतो. गाडी थांबली की वारा बंद, आणि इंजिनातली उष्णता शेजारच्या मोटरमध्ये, कार्ब्युरेटरमध्ये, कॉइलमध्ये झिरपत जाते. त्यामुळे हे भाग गाडी बंद केल्यानंतर काही मिनिटांनी सर्वांत जास्त तापतात. बंद केल्या केल्या पुन्हा लागणारी गाडी चहा पिऊन आल्यावर लागत नाही, यामागे हेच कारण आहे.

## टप्पा १: तयारी आणि गार गाडीची मापं

साहित्य फार लागत नाही: डिजिटल मल्टिमीटर (डीसी २० व्होल्टची रेंज असलेला, 'मॅक्स-मिन' किंवा 'होल्ड' बटण असेल तर उत्तम), ८ आणि १० नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, जाड हातमोजे, एक जुना पण चालू स्पार्क प्लग, आणि बटण दाबायला दुसरा माणूस. एकट्याने मीटरच्या दोन पिना धरून बटण दाबायला गेलात तर एक पिन घसरतेच आणि आकडा चुकीचा येतो.

आदल्या रात्री बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका ठेवा. ५ अँपियर-अवरच्या बॅटरीला ०.५ अँपियर. चार्जर काढल्यावर दोन-तीन तास तशीच ठेवा, कारण नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो.

सकाळी गाडी पूर्ण गार असताना तीन नोंदी करा:

- सगळं बंद असताना बॅटरीचे व्होल्ट.
- बटण दाबून इंजिन फिरत असताना बॅटरीचे व्होल्ट.
- इंजिन फिरतानाचा आवाज, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला.

दुसरी नोंद घेताना इंजिन सुरू होऊ द्यायचं नाही. इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढून ठेवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगची टोपी काढून तिच्यात जुना प्लग बसवा आणि त्या प्लगची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवा. इंजिनातला मूळ प्लग जागेवरच राहू द्या.

सावधान: प्लगची टोपी नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. स्पार्कला वाट मिळाली नाही की कॉइल किंवा सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. किल स्विच बंद करून ही चाचणी होईल असं वाटतं, पण बहुतेक गाड्यांत त्याने सेल्फही बंद पडतो.

हल्ली कपलर काढल्यावर गाडीच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. घाबरू नका. कपलर परत बसवून गाडी थोडी चालवली की तो सहसा जातो.

## टप्पा २: गाडी तापवा, बंद करा, मग ऐका

गाडी स्टँडवर उभी करून ताणत ठेवून तापवू नका. वाऱ्यावर गार होणारं इंजिन असं उभ्या उभ्या मर्यादेबाहेर तापतं. वीस-तीस मिनिटं चालवून आणा, त्यात थोडी गर्दी, थोडा चढ असू द्या. परत आल्यावर बंद करा आणि तुमच्या गाडीचा त्रास जितक्या वेळाने सुरू होतो तितकं थांबा. बहुतेक वेळा ते पाच ते पंधरा मिनिटं असतं.

मल्टिमीटर लावण्याआधी फक्त ऐका. बटण एकदाच, तीन सेकंद. आवाजावरून निम्मी वाट ठरते:

- काहीच आवाज नाही, टकसुद्धा नाही: फ्यूज, बटण, क्लच स्विच, साइड स्टँड किंवा न्यूट्रल स्विच, नाहीतर रिलेची (बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचची) कॉइल. टप्पा ५.
- एकच ठसठशीत 'टक': रिले ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. टप्पा ३ पासून पुढे.
- 'टकटकटकटक' अशी झड: रिले लागतोय-सुटतोय, म्हणजे व्होल्ट कोसळतायत. बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल. टप्पा ३.
- 'घर्र… घर्र…' करत अडखळतं, मध्येच थांबतं: सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त चुकीचं निदान होणारी तक्रार. टप्पे ३, ४, ६, ८.
- मोटर 'व्हीऽऽ' करून मोकळी फिरते, इंजिन जागचं हलत नाही: सेल्फचा वन-वे क्लच (मोटरचा जोर एकाच दिशेने इंजिनला देणारा जोड). थेट टप्पा ७.
- इंजिन जोरात फिरतं, पण पेटत नाही: सेल्फचा दोष नाही. टप्पा ९.

बटण दाबताना गाडीच्या डिजिटल मीटरकडेही पाहा. स्क्रीन क्षणभर विझून पुन्हा सुरुवातीपासून चालू झाली, काटा पुन्हा एक चक्कर मारून आला, तर व्होल्ट इतके खाली गेलेत की गाडीचा संगणक बंद पडून पुन्हा चालू होतोय. अशा गाडीत इंजिन बरं फिरलं तरी पेटत नाही, आणि लोक उगाच गाडीतला पेट्रोलचा पंप बदलतात.

## टप्पा ३: गरम गाडीत बॅटरीचं माप

मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर टेकवा. वायरच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) किंवा बोल्टच्या डोक्यावर नाही. बोल्टवर टेकवलंत तर टर्मिनल आणि थिंबल यांच्यातला गंज तुमच्या मापात येतच नाही किंवा बॅटरीच्या नावावर खपतो.

आधी सगळं बंद असताना. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली असेल तर इथेच थांबा, चार्ज करा, मगच पुढे. आदल्या रात्री पूर्ण भरलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या फेरीनंतर १२.२ दाखवत असेल तर गाडी तिला चार्ज करत नाहीये. गाडी सुरू करून ४,००० ते ५,००० आरपीएमवर बॅटरीचे व्होल्ट पाहा. साधारण १३.५ ते १४.८ हवेत. १३ च्या खाली किंवा १५ च्या वर असतील तर रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) किंवा स्टेटर (जनरेटरची कॉइल) पाहून घ्या. हेही गरम गाडीतच मोजायचं. गार असताना १४.२ देणारा रेग्युलेटर तापल्यावर १२.८ वर येऊ शकतो.

आता, टप्पा १ प्रमाणे इंजिन सुरू होऊ न देता, बटण दाबून. इथे तीन शक्यता आहेत, आणि या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला:

१. व्होल्ट ९.५ च्या खाली कोसळतात. बॅटरी दुबळी आहे किंवा मोटर वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतेय. दोन्हींत फरक कसा करायचा ते खाली.

२. व्होल्ट १० च्या वर टिकतात, तरी इंजिन रडतखडत फिरतं. बॅटरी निर्दोष. जोर वाटेत हरवतोय किंवा मोटरमध्ये.

३. व्होल्ट १२.४-१२.५ वरून हलतच नाहीत, नुसतं टक होतं. करंट वाहातच नाहीये. रिलेचे संपर्क, तुटकी केबल किंवा कार्बन.

तिसऱ्या प्रकारात बॅटरी बदलणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. पण सर्वाधिक बॅटऱ्या याच प्रकारात बदलल्या जातात, कारण 'टक झालं म्हणजे बॅटरी डाऊन' हे डोक्यात पक्कं बसलंय.

पहिल्या प्रकारात फरक असा ओळखा: त्याच क्षमतेची, खात्रीची दुसरी बॅटरी लावून गरम गाडीतच पुन्हा मोजा. व्होल्ट टिकले आणि इंजिन सपाट्याने फिरलं तर जुनी बॅटरी संपली. दुसरी बॅटरीही दबली तर मोटर किंवा इंजिन जड झालंय. सकाळची नोंद इथे उपयोगी पडते. गार असताना १०.८ आणि गरम असताना ९.२, बॅटरी तीच आणि भरलेली, तर संशय मोटरवर आणि इंजिनच्या जडपणावर घ्या.

सावधान: प्रत्येक वेळी बटण पाच सेकंदांच्या आत सोडा आणि पुढच्या वेळेआधी निदान अर्धा मिनिट थांबा. गरम मोटरवर सलग बटण दाबून धरणं हा वाइंडिंग जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

## टप्पा ४: केबल आणि अर्थिंग, व्होल्टची गळती

ओहम मोजून जाड केबल तपासता येत नाही. सात तारांपैकी एकच धड असली तरी मीटर शून्य ओहम दाखवेल, आणि सेल्फच्या करंटला ती एक तार पुरणार नाही. म्हणून करंट वाहात असताना व्होल्ट कुठे गळतात ते पाहायचं.

१. प्लसची बाजू: लाल पिन बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर, काळी पिन सेल्फ मोटरच्या नटावर. बटण दाबा. ०.५ व्होल्टपेक्षा कमी हवं.

२. रिलेतून: रिलेच्या दोन जाड टोकांवर दोन पिना. बटण न दाबता इथे बॅटरीइतके व्होल्ट दिसतील, ते बरोबर आहे. दाबल्यावर ०.२ च्या आसपास किंवा कमी.

३. मायनसची बाजू: लाल पिन सेल्फ मोटरच्या अंगावर (रंग खरवडून उघड्या धातूवर), काळी पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर. ०.२ ते ०.३ च्या आत.

तिसरं माप लोक सर्रास सोडतात. मोटरला वेगळी मायनस वायर नसते, तिचं अंगच तिचं अर्थिंग असतं. बॅटरीची काळी केबल इंजिनला किंवा चेसिसला जिथे बोल्टने आवळली असते, तिथे दोष लपतो. तो बोल्ट उघडून पाहा. थिंबलच्या खाली पांढरी-हिरवी पूड जमलेली सापडते, किंवा चेसिसला नवा रंग दिला असेल तर चकचकीत रंगाचा थर. वरून बोल्ट घट्ट, चकाकता. खाली धातूला धातू लागलेलाच नाही. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेने हे लवकर होतं. तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

केबल थिंबलपाशी वाकवूनही पाहा. रबरी आवरणाखाली तांबं काळं पडलं असेल, तर केबल थिंबलसकट बदला. वर टेप गुंडाळून उपयोग नाही.

सावधान, फसवं माप: करंट वाहात नसेल तर गळतीही शून्य दिसते. म्हणजे मोटरचे कार्बन संपर्कच सोडून बसले असतील तर वरची तिन्ही मापं 'उत्तम' येतील आणि तुम्ही केबलवर विश्वास टाकाल. म्हणून चौथं माप घ्याच: मोटरचा नट आणि मोटरचं अंग यांच्यामध्ये, बटण दाबून. इथे १० किंवा त्याहून जास्त व्होल्ट पोहोचतायत आणि मोटर फिरत नाही किंवा कण्हते, तर दोष मोटरमध्ये किंवा तिला अडवणाऱ्या इंजिनात आहे. इथे व्होल्ट पोहोचतच नसतील तर मागे जात जात ते कुठे अडले ते शोधा.

## टप्पा ५: रिले आणि सुरक्षेचे स्विच

टकच नसेल तर आधी सोप्या गोष्टी: किल स्विच चालूवर, साइड स्टँड पूर्ण वर, न्यूट्रलचा दिवा लागलेला, क्लच पूर्ण दाबलेला. न्यूट्रलचा दिवा लुकलुकत असेल तर क्लच दाबून पाहा.

मग रिलेच्या दोन बारीक वायरींमध्ये, बटण दाबून, व्होल्ट मोजा. बॅटरीच्या आकड्यापेक्षा एखादा व्होल्ट कमी चालेल. बॅटरी १२.५ आणि इथे ९ असेल, तर बटणाच्या किंवा क्लच स्विचच्या संपर्कात घाण आहे. रिलेची कॉइलही तांब्याचीच. गरम झाल्यावर तिला ओढायला जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे सकाळी ९ व्होल्टवर लागणारा रिले दुपारी लागत नाही. स्विच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला की हा दोष जातो, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

रिलेची दोन जाड टोकं स्क्रू ड्रायव्हरने जोडून सेल्फ मारण्याची पद्धत रस्त्याकडेच्या गॅरेजात रोज दिसते. चाचणी म्हणून ती खरी आहे, पण धोकादायक आहे. ठिणगी मोठी उडते, पेट्रोल जवळ असतं, आणि सगळे सुरक्षेचे स्विच बाजूला पडत असल्याने गिअरमध्ये असलेली गाडी उडी मारते. करायचीच तर गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रल हाताने चाक फिरवून खात्री केलेलं, पेट्रोलचा वास अजिबात नाही, आणि स्क्रू ड्रायव्हरऐवजी दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर. असं जोडल्यावर मोटर झकास फिरली तर रिले बदला. तशीच कण्हली तर रिले निर्दोष.

## टप्पा ६: सेल्फ मोटर उघडणं

इथवरच्या मापांनी मोटरकडे बोट दाखवलं असेल तरच उघडा. बॅटरीची मायनस वायर आधी काढा. इंजिन गार होऊ द्या. मोटरच्या मधल्या नळकांड्यावर आणि दोन्ही झाकणांवर खिळ्याने एक सरळ रेघ मारा, म्हणजे बसवताना झाकण फिरणार नाही. शाफ्टवरचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडून फोटो काढा.

सावधान: मोटर निघत नाही म्हणून तिच्या अंगावर हातोडी मारू नका. आतले फेराइटचे चुंबक ठिसूळ असतात, तडकतात. रबरी हातोडीने टोकाला हलके ठोके द्या.

उघडल्यावर आधी नुसतं पाहा. निरोगी मोटरमध्ये कोरडी, काळी, भुरभुरीत पूड असते. गरम असताना अडणाऱ्या मोटरमध्ये अनेकदा काळा चिकट लगदा सापडतो: शाफ्टच्या सीलमधून आलेलं इंजिन ऑइल आणि कार्बनची पूड यांचं मिश्रण. कार्बन ज्या खाचेत सरकतात त्या खाचेत हा लगदा बसतो. मग कार्बन अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही, आणि तो कम्युटेटरला (फिरत्या शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) जेमतेम शिवतो. कार्बन बोटाने मागे दाबा आणि सोडा. टक्कन पुढे यायला हवा. रेंगाळत आला तर दोष सापडला. नवे कार्बन घालून भागणार नाही, सीलही बदलायला हवं, नाहीतर नव्या कार्बनचाही लगदाच होईल.

मग क्रमाने:

- कार्बनची लांबी मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडून पाहा. एकच बदलू नका, सगळे बदला.
- कम्युटेटर: काळपट असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी गोल फिरवून हलक्या हाताने साफ करा. पट्ट्यांच्या मधल्या चिरा बारीक टोकाने कोरून मोकळ्या करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण चिरांत अडकतात.
- आर्मेचरचं (मोटरच्या फिरत्या भागाचं) इन्सुलेशन: मीटर कंटिन्युइटीवर. शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या दिसायला हव्यात. कोणतीही पट्टी आणि शाफ्ट यांच्यात जोड दिसता कामा नये. हे माप गार असताना ठीक आलं तरी आर्मेचरला हेअर ड्रायरने तापवून पुन्हा घ्या. तापल्यावरच उघडं पडणारं इन्सुलेशन मी इथेच पकडतो. नाहीतर मोटर निर्दोष समजून परत बसवली जाते.
- बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी): आर्मेचरच्या लोखंडी अंगावर एका बाजूला चकचकीत घासल्याच्या खुणा असतील, तर बुश झिजून ते चुंबकांना घासतंय. अशी मोटर बदललेली बरी.

आर्मेचर पेट्रोल-डिझेलमध्ये बुचकळू नका, वाइंडिंगवरचं वार्निश खराब होतं. कोरडं फडकं आणि कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे.

बसवताना कार्बन मागे धरून आर्मेचर आत घाला, ओ-रिंगला थोडं इंजिन ऑइल लावा, रेघा जुळवा. मोटर इंजिनला जिथे टेकते तो पृष्ठभाग चकचकीत करा. तिथे सिल्व्हर रंग मारून मोटर 'नवी' करण्याची हौस टाळा, कारण तेच तिचं अर्थिंग आहे.

## टप्पा ७: मोटर फिरते, इंजिन नाही

वन-वे क्लच घसरतोय. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि झिजलेले रोलर पकड सोडतात. आधी ऑइलची पातळी आणि प्रत पाहा. कारचं ऑइल मोटरसायकलमध्ये घातलेलं असेल तर ते लगेच बदला. मोटरसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण आणि मॅन्युअलमधली ग्रेड हवी. ऑइल बरोबर असूनही घसरत असेल तर मॅग्नेटचं झाकण उघडावं लागतं. त्याला पुलर लागतो. हे काम मेकॅनिककडेच द्या.

दुबळ्या बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यानेही हा क्लच मोडतो. इंजिन कॉम्प्रेशन ओलांडू शकत नाही, उलटा झटका देतं, आणि तो झटका थेट क्लचवर येतो.

## टप्पा ८: इंजिनच जड आहे का

मोटर, केबल, बॅटरी तिन्ही बरी, तरी गरम असताना अडखळतं? मूळ स्पार्क प्लग काढा, टोपीत जुना प्लग बसवून इंजिनला टेकवा. पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. इंजेक्टरचा कपलर काढलेलाच असू द्या. आता सेल्फ मारा.

भरभर फिरलं तर अडथळा कॉम्प्रेशनचा आहे. अनेक गाड्यांच्या कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेसर असतो, तो सुरू होताना कॉम्प्रेशन थोडं सोडून देतो. तो अडकला, किंवा टॅपेटची (वॉल्व उघडणाऱ्या भागाची) फट फार जास्त ठेवल्याने त्याचा परिणामच होत नसेल, तर मोटर दर फेऱ्याला अडते. प्लग काढूनही हळूच फिरत असेल तर एकतर मोटर (पुन्हा टप्पा ६), नाहीतर इंजिन आतून आवळलंय. दुसरी शक्यता असेल तर गाडी चालवू नका, ऑइल बघा आणि टोइंग करा.

## टप्पा ९: फिरतं, पण पेटत नाही

थोडक्यात, कारण हा वेगळा विषय आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत तापल्यावर पेट्रोल उकळून इंजिनात जास्त जातं. चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून पाच सेकंद सेल्फ मारा. लागली की लगेच सोडा. लोक नेमकं उलट करतात, चोक ओढतात. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावून पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर न देता बटण दाबा. टाकीचं झाकण उघडताना 'फुस्स' करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय. स्पार्क गरम असतानाच तपासा. पिकअप कॉइल (स्पार्कची वेळ सांगणारी) तापल्यावर तुटते आणि गार झाल्यावर जुळते. आणि टॅपेट. फट उरलेली नसेल तर गरम इंजिनात वॉल्व पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निघून जातं. टॅपेट मात्र इंजिन पूर्ण गार असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), मॅन्युअलमधल्या मापावर. गरम इंजिनवर 'हाताच्या अंदाजाने' सेट केलेले टॅपेट हेच कित्येक गाड्यांचं दुखणं असतं.

## दुरुस्तीनंतर

टप्पा २ ची फेरी पुन्हा मारा आणि टप्पा ३-४ ची मापं पुन्हा घ्या. गार गाडीत सेल्फ लागला म्हणजे दुरुस्ती झाली असं धरू नका. गार गाडीत तो आधीही लागत होता. गरम आणि गार मापांतला फरक अर्ध्या व्होल्टाच्या आसपास आला की काम झालं.

## रस्त्यात अडकलात तर

कसारा किंवा खंबाटकीचा चढ चढून वर थांबलात आणि गाडी लागेना, तर आधी ती वाहतुकीपासून बाजूला, सावलीत घ्या. हेडलाइट वेगळा बंद होत असेल तर बंद करा, मोबाइलचा चार्जर काढा. इंजिनवर किंवा मोटरवर पाणी ओतू नका. गरम अ‍ॅल्युमिनियम तडकतं आणि पाणी मोटरमध्ये, कपलरमध्ये शिरतं. वीस मिनिटं थांबा. तोवर बॅटरीचे दोन्ही बोल्ट हाताने हलवून पाहा. हलला तर बहुधा कारण तेच.

दुसऱ्या गाडीवरून जंप देणार असाल आणि ती कार असेल, तर कारचं इंजिन बंद ठेवा. लाल वायर प्लसला प्लस, काळी वायर कारच्या मायनसवरून तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. सुरू झाली की काळी आधी काढा.

धक्का द्यायचा तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर: चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच एकदम सोडा. घाटाच्या उतारावर हे करू नका. गाडी लागली नाही आणि मागून ट्रक आला तर थांबायला जागा नसते. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी इतकी मेली असेल की पंपाचा आवाजही येत नाही, तर कितीही धक्का मारून ती लागणार नाही. दम खर्च करू नका, जंपची सोय बघा.